सदरा घालून दिलेली उत्तरं

आमचे घरमालक घरात कायम बनियनवर असत. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. दूधवाला येवो, गॅसवाला येवो, एकदा तर मतं मागायला दहाबारा माणसं हार-गुलालासकट दारात उभी राहिली, तेव्हाही हे त्याच वेषात पुढं झाले. पण कॉम्प्युटरपुढं बसायचं म्हटलं की खुंटीवरचा पांढरा सदरा अंगात चढवायचे, गळ्यापर्यंत बटणं लावायचे, केसांवरून ओला हात फिरवायचे आणि मगच बसायचे. शेजारी वेताची एक खुर्ची असे, नेहमी रिकामी. मी कोपरगावला त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या खुर्चीत बसायला गेले, तर म्हणाले, "मॅडम, तिथं नका बसू. कोनीतरी आलंय."

खोलीत आम्ही दोघंच होतो. डिपॉझिट देऊन बसले नसते तर त्याच संध्याकाळी दुसरी खोली बघितली असती.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"हे काय," त्यांनी पडद्याकडं बोट दाखवलं. "लातूरचे एकजन हायेत. जावयाच्या पहिल्या दिवाळीचं इचारायला आल्यात."

मराठीतली एक साईट होती. कुणीही प्रश्न टाकायचा, कुणीही उत्तर द्यायचं. पैसे नाहीत, बक्षीस नाही. काकांना, म्हणजे आमच्या घरमालकांना, त्यांच्या पुतण्यानं केव्हातरी ती लावून दिली होती आणि नंतर स्वतः विसरून गेला होता. काका विसरले नाहीत. तिथं एक सोय होती. कुणी प्रश्न टाकला की साईट आपणहून बऱ्याच जणांना कळवायची, 'अमुक यांनी तुमच्याकडून उत्तराची विनंती केली आहे.' काकांना वाटायचं, माणूस आपल्याला शोधत शोधत आपल्याच दारी आला आहे. मग दारी आलेल्या माणसापुढं बनियनवर कसं जायचं? त्याला उभं कसं ठेवायचं?

मी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच शिकवत होते, त्यामुळे हा गैरसमज दूर करणं मला माझं कर्तव्य वाटलं. "काका, ही विनंती माणूस करत नाही. मशीन करतं. एकाच वेळी कितीतरी जणांना जाते," मी सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लग्नाची पत्रिका बी छापलेलीच आस्ती, मॅडम. सगळ्या गावाला एकच मजकूर. मग लग्नाला जायचं न्हाई का?"

त्यानंतर मी कधी तो विषय काढला नाही. विद्यार्थ्यांना मात्र हा किस्सा सांगितला, आणि वर्गात हशा पिकेल असं वाटत असताना कुणीच हसलं नाही.

काकांची उत्तरं सरकारी कागदासारखी सुरू व्हायची आणि घरच्या पत्रासारखी संपायची. सुरुवात 'सदर प्रश्नी निवेदन करण्यात येते की' आणि शेवट 'घरात सर्वांना नमस्कार. कळावे, लोभ असावा.' केस गळतात त्यावर उपाय काय, या प्रश्नालाही घरात सर्वांना नमस्कार. आधी उलटा प्रश्न विचारल्याशिवाय ते उत्तर देत नसत. केस गळतात? पाणी नळाचं का बोअरचं? झोप येत नाही? दुपारी किती झोपता? एका मुलानं विचारलं होतं की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास किती तास करावा. काकांनी त्याला विचारलं, 'जेवण कोठे करता?' मला हसू आवरेना. दोन दिवसांनी त्या मुलानं लिहिलं, 'एकच वेळ मेसला जातो.' मग काकांनी अभ्यासाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. शेंगदाणे, गूळ, फुटाणे आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा यांवर मोठं उत्तर लिहिलं. मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि हसू कुठच्या कुठं गेलं.

आणखी एक नेम होता. स्वतः करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही. कुणीतरी विचारलं, एसटीत बसल्या बसल्या झोप का लागते? दुसऱ्या दिवशी काका गायब. काकू अंगणात येरझाऱ्या घालतायत, मी गाडी काढून स्टँडवर बघून आले. संध्याकाळी स्वारी हजर. शिर्डीपर्यंत जाऊन यायचं ठरवून गेले होते, ते प्रयोग यशस्वी झाल्यामुळं थेट संगमनेरला उतरले होते. त्या दिवशीचं उत्तर असं सुरू होतं, 'सदर प्रश्नी अनुभव घेण्यात आला. झोप लागते.'

काकू त्यावर म्हणाल्या, "परक्याच्या झोपेसाठी संगमनेरला गेले. मला मेलीला जाऊन येतो एवढं सुदिक न्हाई सांगितलं."

काकूंचं दुखणं एवढंच होतं. जगाला परिच्छेदच्या परिच्छेद आणि घरात एकच शब्द, 'बघू'. भाजी कोणती करू? बघू. थोरलीकडं कधी जायचं? बघू. पंख्याचा आवाज येतोय, कुणाला बोलवायचं? बघू. पानात भाकरी वाढताना काकूंचा आणखी एक प्रश्न ठरलेला असायचा, "माझ्यामागं कसं व्हायचं हो तुमचं?" काकांना साधा चहा करता येत नव्हता. गॅस कोणत्या बाजूला फिरवला की मोठा होतो हेही त्यांना माहीत नसावं. ते वर न बघता भाकरी मोडायचे आणि म्हणायचे, "बघू."

"बघा, बघा," काकू म्हणायच्या. "मी नसल्यावर बघतच बसावं लागंल."

हे 'बघू' कुठून आलं ते मला नंतर कळलं. काकांनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात केली, आणि तीही खिडकीवर. हंगाम सुरू झाला की शेतकरी त्या खिडकीशी येऊन एकच प्रश्न विचारायचे, "माझ्या उसाला तोड कधी?" ऊस वाळायला लागलेला, वजन घटत चाललेलं, आणि तोड कुणाला द्यायची हे ठरवणारी माणसं आतल्या खोलीत. काकांच्या हातात काहीच नव्हतं. साहेबांनी एकच उत्तर शिकवून ठेवलं होतं. एकदा मला म्हणाले, "मॅडम, मानूस तीनतीनदा सायकल मारत यायचा, चुलतेमालते असायचे त्यातले काही. अन् मी खिडकीतून म्हनायचो, बघू. आख्खी सर्व्हिस बघू म्हनन्यात गेली." हे सांगताना ते नखानं टेबलाची कड खरवडत होते. रिटायर झाल्यावर त्यांना अशी एक खिडकी मिळाली होती जिथं पूर्ण उत्तर द्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. सदरा घालून बसलेल्या त्या माणसाची मी कितीही थट्टा केली, तरी हे कळल्यावर मला ते फार आवडायला लागले.

आणि मग ती खिडकीही बंद व्हायची वेळ आली.

एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. साईटवर निवेदन आलं होतं आणि त्यातली भाषा त्यांना उमगत नव्हती. मी वाचून दाखवलं. या महिन्याच्या अखेरीस नवे प्रश्न, उत्तरं आणि अभिप्राय घेणं थांबवण्यात येईल. आधीचा मजकूर सर्वांना वाचता येईल. आजवरच्या साथीबद्दल आभार.

"म्हंजे कोनी यायचं न्हाई आता."

"वाचायला येतील की. तुमची सगळी उत्तरं राहणार आहेत," मी म्हणाले. आपण दिलासा देतोय असं मला वाटत होतं.

"अन् त्यात एखादं चुकलेलं आसंल तर?"

"ते तसंच राहील. कुणालाच बदलता येणार नाही."

काकांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मग त्या दिवशी एकही उत्तर न लिहिता त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

पुढचे काही दिवस ते सदरा घालून बसायचे पण लिहायचे नाहीत. काकूंनी माझ्यापाशी चिंता बोलून दाखवली. मला वाटलं, एवढ्या वर्षांचा नाद सुटतोय म्हणून जीव कासावीस होत असेल. शेवटी मीच जाऊन विचारलं. त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढं केलं.

विचारणाऱ्याचं नाव नव्हतं. प्रश्न दोन ओळींचा. 'हुलग्याचे शेंगोळे कसे करतात? आई करायची, आता विचारायला ती नाही.'

खाली काकांचं उत्तर. हुलग्याचं पीठ, लसूण, जिरं, मिरची. पीठ घट्ट मळावे, बोटाएवढ्या वळ्या करून कडी वळावी, पातेल्यात पाण्यासह घालून मंद आचेवर ठेवावे व अधूनमधून ढवळावे. घरात सर्वांना नमस्कार. त्याखाली त्याच माणसाचा अभिप्राय, 'केले. सगळे विरघळून पिठलं झालं. आईचे असे होत नव्हते.' आणि त्याखाली काकांचं एकच वाक्य. 'हुलगे जुने असतील.'

"हे तुम्ही करून बघितलं होतं?" मी विचारलं.

"न्हाई. जल्मभर पानात वाढलेले खाल्ले. वाटलं, खाल्लं म्हंजे कळलं." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "चूक झाली त्याचं येवढं न्हाई, मॅडम. पन हे खालचं वाक्य बघा. हुलगे जुने आसतील. हे मी खिडकीतलं उत्तर दिलं. तिची आई गेली, अन् मी तिला बघू म्हनून वाटंला लावलं. आता हे असंच ऱ्हानार."

तो मुलगा की मुलगी हे तिथं कुठंच नव्हतं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकूंनी मात्र ऐकल्याबरोबर निकाल दिला, "पोरगीच हाय. आनि तुमी तिला थंड पान्यात शेंगोळे टाकायला सांगितले? आवो, उकळी नको का फुटायला!"

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी कधी इचारलं?"

काकांनी ते पान बंद केलं.

महिन्याचा शेवटचा दिवस रविवारी आला. दुपारी काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्या दारातून आत जाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अंगात सदरा होता. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "त्यो काढा आधी. पीठ लागंल. आज तुमी इचारायला आलाय."

काकांनी सदरा काढून खुंटीला लावला.

पहिल्यांदा त्यांच्याच रीतीनं करायचं, असा त्यांचा हट्ट. चूक कुठं होते ते बघितल्याशिवाय दुरुस्ती लिहायची नाही. काकू चिडल्या, पिठाची नासाडी म्हणाल्या, पण पातेलं ठेवलं. थंड पाण्यात सोडलेल्या कड्या पाणी तापता तापता सैल झाल्या, ढवळल्या तशा तुटल्या, आणि थोड्या वेळानं खरोखर करड्या रंगाचं दाट पिठलं झालं. काका पातेल्यावर वाकून बघत होते. "असंच झालं आसंल तिचं," ते म्हणाले. मग वाटीत घेऊन ते सगळं त्यांनी खाल्लं. काकूंनी "टाकून द्या" म्हटलं तरी ऐकलं नाही.

दुसरा घाणा काकूंच्या रीतीनं. आता काकांचे उलटे प्रश्न सुरू झाले. पाणी किती? अंदाजानं. अंदाज म्हंजे किती? काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा पाणी तांब्यानं मोजून ओतलं. पीठ किती घट्ट? हे बघा, एवढं. एवढं म्हंजे? काकूंनी त्यांचा हात ओढून पिठात घातला. "हातानं दाबा. कानाची पाळी लागती का तशी? तेवढं." काका एका हातानं पीठ आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा कान दाबून बघत राहिले. मी दारात बसून मोबाईलवर लिहून घेत होते आणि हसू दाबत होते.

लसणाची फोडणी, त्यावर पाणी, पाण्याला खळखळून उकळी. मग एकेक कडी वरून सोडायची. काकांचा हात पळीकडं गेला तशी काकूंनी त्यावर चापट मारली. "ढवळायचं न्हाई. त्यांचं त्यांना शिजू द्या. जरा कडक झाल्यावर मग." कड्या पाण्यात उड्या मारत राहिल्या आणि एकही तुटली नाही. काकांच्या चेहऱ्यावर घामाबरोबर जे काही आलं होतं, ते संगमनेरहून परतल्यावरही नव्हतं.

"मीठ किती?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मूठ अर्धवट मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "ते न्हाई सांगता यायचं बाई. ते हाताला कळतं."

"तिच्या हाताला कसं कळंल?"

"चाखून बघंल. दोनदा चुकंल, तिसऱ्यांदा येईल," काकू म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मला बी माझ्या आईनं न्हाई सांगितलं."

जेवणं झाल्यावर काकांनी हात धुतले, सदरा घातला, बटणं लावली आणि बसले. तेवढ्यात लाईट गेली. कोपरगावात रविवारी दुपारी लाईट जाण्यात नवल काही नव्हतं, पण काकांचा चेहरा उतरला. मी माझ्या मोबाईलवर त्यांचं खातं उघडून दिलं. काळ्या पडद्यापुढं ताठ बसून त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं.

'सदर प्रश्नी पूर्वी दिलेले उत्तर चुकीचे होते. हुलग्यांचा दोष नव्हता. आज स्वतः करून पाहिले आहे.' पुढं सगळी कृती, तांब्याच्या मापासकट, कानाच्या पाळीसकट. मिठापुढं 'दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा येईल'. शेवटी ते थोडे थांबले. "लिहा मॅडम. हे सर्व माझ्या पत्नीने सांगितले. तुमच्या आईही असेच करत असाव्यात. तुम्हाला त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही, त्याबद्दल क्षमा असावी."

"माझं कशाला घालताय," काकू दारातून म्हणाल्या, पण आत गेल्या नाहीत. मी पाठवल्याचं सांगेपर्यंत तिथंच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परतले तेव्हा काका बनियनवर कॉम्प्युटरपुढं बसले होते. लिहायची चौकट पानावरून गेली होती. अभिप्रायाची जागाही गेली होती. शेंगोळ्यांचं पान उघडं होतं, त्यांची दुरुस्ती जागच्या जागी होती, आणि त्याखाली काही नव्हतं. यापुढं कधी काही येणारही नव्हतं.

"वाचलं आसंल का तिनं?" त्यांनी विचारलं.

"वाचेल कधीतरी," मी म्हणाले. वेताची खुर्ची शेजारी रिकामी होती आणि मी नेहमीसारखी उभीच होते.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेरच्या दारावर नव्हे, स्वयंपाकघराच्या उघड्या दारावर. काकू चौकटीत उभ्या होत्या, हात ओले, पदर खोचलेला.

"एक प्रश्न हुता," त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग उठले, खुंटीवरचा सदरा काढला आणि अंगात घातला. बटणं लावायला त्यांना त्या दिवशी जरा वेळ लागला. केसांवरून हात फिरवून त्यांनी वेताच्या खुर्चीकडं बोट दाखवलं.

"बसा. बोला."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी काकूंना अहोजाहो पहिल्यांदाच केलं असावं. काकू खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या. आधी त्यांना हसू आलं, मग ते ओसरलं.

"माझ्यामागं कसं व्हायचं तुमचं?"

मी तिथून जायला हवं होतं, पण गेले नाही. काका 'बघू' म्हणाले नाहीत. उलटा प्रश्नही त्यांनी विचारला नाही. अगदी मोजून-मापून, साईटवर लिहायचे तसं सांगायला लागले. "पीठ कानाच्या पाळीवानी मळायचं. पान्याला खळखळून उकळी फुटू द्यायची. मग एकेक सोडायचा. लगीच ढवळायचं न्हाई."

"अन् मीठ?"

काकांनी गळ्याशी लावलेलं बटण चाचपलं.

"मीठ तुला इचारीन," ते म्हणाले.

काकू उठल्या. त्यांनी ओल्या हातांनीच त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं, मग त्याखालचं. "काढा त्यो आता," त्या म्हणाल्या, "किती उकडतंय."